तोफांची जागा

केतकी इंगवले पहिला डाव चार मिनिटांत हरली.

तिने आपल्या सहा तोफा टेकडीच्या माथ्यावर ओळीने मांडल्या होत्या. तिथून सगळं खोरं दिसत होतं. मधोमध नदी, नदीकाठी पंधरा-वीस घरांची वस्ती, पलीकडे निळसर धुक्यात बुडालेली दुसरी डोंगररांग. एवढं दिसतंय म्हणजे एवढं सगळं आपल्या हातात आहे, असं तिला वाटलं. ऊन मधासारखं दाट होतं. तोफा रवंथ करणाऱ्या म्हशींसारख्या निवांत बसल्या होत्या. मग वरून काहीतरी घरंगळत आल्यासारखा आवाज झाला. माती फुलासारखी उमलली, पुन्हा उमलली, आणि तिच्या सहाही तोफा नाहीशा झाल्या. शत्रूची एक तोफसुद्धा तिच्या नजरेला पडली नव्हती.

तिने डोळे उघडले तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. खोलीत पडदे ओढलेले होते. शेजारच्या कलत्या खुर्चीवर शत्रू डोळे मिटून पडला होता. वय साठीच्या पुढे, उजवा हात पोटावर निर्जीव, कपाळावरून कानांपर्यंत एक मऊ राखाडी पट्टी, आणि ओठांवर बारीकसं हसू.

ते हसू केतकीने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. शत्रू म्हणजे तिचे वडील होते.

सुभेदार दौलतराव इंगवले यांनी तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती. तोफा कुठे उभ्या करायच्या, कोणत्या दिशेला वळवायच्या, किती कोनात उचलायच्या, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर ते साताऱ्याजवळच्या गावी परतले. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्याच्याबरोबर त्यांची भाषाही गेली. पक्षाघाताने मेंदूतलं बोलण्याचं केंद्र जाळून टाकलं होतं. उरला एकच शब्द, 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. लिहिता येत नव्हतं, खुणा जुळत नव्हत्या. केतकी त्यांना आपल्याकडे घेऊन आली.

सासवडच्या पुढे, एका उघड्या पठारावर लष्कराचं युद्धखेळ केंद्र होतं. अधिकाऱ्यांनी खऱ्या लढाईआधी खोट्या लढाया खेळायच्या, हरायचं, शिकायचं, यासाठी बांधलेलं. केतकी तिथे भूरचनाकार होती. खेळासाठी लागणारे डोंगर, नाले, खिंडी, वस्त्या ती घडवायची. आणि दोन वर्षांपूर्वी केंद्रात 'उंबरठा' आला.

"झोप आणि जाग यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी असते," मेंदूतज्ज्ञ डॉ. रणपिसे यांनी तिला पहिल्यांदा समजावलं होतं. "दुपारी पुस्तक वाचता वाचता डोळा लागतो ना, तेव्हा आपण तिच्यावरून दोन-तीन मिनिटांत घसरून जातो. हे यंत्र माणसाला त्या पट्टीवरच धरून ठेवतं. झोपेकडे कललात तर कानात बारीक टिकटिक, जागे व्हायला लागलात तर ती बंद. तासभर राहता येतं तिथं."

त्या अवस्थेत माणूस नकाशा वाचत नाही, तो नकाशात असतो. मेंदूच्या आत खोल, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे. त्यातल्या काही पेशी फक्त जागा ओळखतात. दारापाशी आलात की एक पेशी लुकलुकते, खिडकीपाशी गेलात की दुसरी. कपाळावरच्या पट्टीतले संवेदक हे लुकलुकणं वाचतात आणि तसंच लुकलुकणं दुसऱ्या माणसाच्या मेंदूत हलकेच जागवतात. दोन माणसं एकाच खोऱ्यात उतरू शकतात ती अशी. अनुभवी तोफचीला जमिनीची जी जाण असते, जी त्याला स्वतःलाही शब्दांत सांगता येत नाही, ती यंत्राला अशी थेट शिकता येते. स्वयंचलित तोफांसाठी लष्कराला नेमकी तीच हवी होती.

"तुमच्या वडिलांचं बोलण्याचं केंद्र गेलंय," रणपिसे म्हणाले होते. "पण जागांचा भाग शाबूत आहे. त्यांना उंबरठ्यावर आणून बघू या का?"

केतकीने लगेच होकार दिला नव्हता. तात्यांशी, आपल्या वडिलांशी, बोलणं ती टाळत आली होती, आणि ते पक्षाघाताच्या कितीतरी आधीपासूनचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी आई साताऱ्याच्या इस्पितळात शेवटचे श्वास घेत होती. तात्यांची रजा मंजूर झाल्याचा निरोप आला होता. आई दाराकडे बघत राहिली, आणि तात्या आले ते ती गेल्याच्या पाचव्या दिवशी. अस्थी केतकीने आणि मामाने माहुलीच्या संगमावर सोडून दिल्या होत्या. "आता कशाला आलात?" एवढंच ती म्हणाली. तात्यांनी काहीच सांगितलं नाही. पुढची बारा वर्षं बापलेकीत कामापुरतं बोलणं राहिलं, आणि नंतर तेही गेलं.

शेवटी तिने होकार दिला.

*

दुसऱ्या डावात तात्या तिला भेटले.

ती खोऱ्यात उतरली तर ते नाल्याच्या काठी उकिडवे बसले होते. पन्नाशीचे, दोन्ही हात धड. ते बोलले नाहीत. पण स्वप्नात कोणी न बोलताही कळतं, तसं तिला कळलं. तिचं शरीर आपसूक त्यांच्या मागे चालू लागलं.

त्यांनी तिला टेकडीच्या माथ्यावर नेलं आणि एका झुडपापाशी पालथं निजवलं. इथून दिसतं, म्हणून इथे डोळे ठेवायचे. दुर्बीण घेतलेला एक माणूस पुरे. मग ते तिला टेकडीच्या मागच्या उताराने खाली घेऊन गेले, जिथे ऊन पोचत नव्हतं आणि गवत ओलसर होतं. इथे तोफा. तोफेला काही बघायचं नसतं. तिने आकाशाकडे तोंड करून निवांत राहायचं, माथ्यावरच्या डोळ्यांनी सांगितलं की डोंगरावरून गोळा पलीकडे टाकायचा. फार मागेही नाही बसायचं, नाहीतर निम्मा पल्ला आपल्याच मुलखावरून जाण्यात वाया. पल्ल्याचा एक वाटा आपल्या बाजूला, दोन वाटे पुढे. आणि एकदा गोळे सोडले की उठायचं. शत्रूचं रडार हवेतला गोळा बघून तो कुठून आला ते मागे मोजत येतं. ते मोजेपर्यंत आपण दुसऱ्या नाल्यात पोचलेलं असायचं.

केतकीने त्यांच्या सांगण्याप्रमाणे तोफा मांडल्या. डोंगराच्या पाठीला टेकून त्या इतक्या शांत दिसत होत्या की कोणी वाळत घातलेली घोंगडी वाटावीत. पहिला गोळा सुटला तेव्हा आवाज आलाच नाही. बगळा उठावा तसा तो पांढरा उठला, शिखरावरून गेला आणि दिसेनासा झाला.

"तात्या," ती म्हणाली.

ते वळले. 'केतू,' असं काहीतरी त्या सगळ्या खोऱ्यात पसरलं. नदीच्या पाण्यातून, गवतातून. तिला लहानपणी ते तशी हाक मारायचे.

जाग आल्यावर ती बराच वेळ खुर्चीत रडत बसली. तात्या पट्टी काढून शांतपणे बघत होते. "बरं," ते म्हणाले.

*

अडीच महिने हे चाललं, आठवड्यातून तीन दुपारी. केतकीला चांगलं खेळता येऊ लागलं. थोड्या तोफा सगळीकडे पसरून उपयोग नसतो, एका वेळी एकाच जागी सगळ्यांचा मारा हवा, हे ती शिकली. धूर कधी टाकायचा, वाट कधी बघायची, हेही शिकली. तिच्याशी खेळून झालं की तात्यांना केंद्रातल्या कसलेल्या अधिकाऱ्यांसमोर बसवत. ते जवळजवळ प्रत्येक डाव जिंकत. यंत्र त्यांच्याकडून शिकत होतं, त्यांच्या मनाची प्रत उतरवून घेत होतं. सुरुवातीला केंद्रप्रमुख कर्नल जामकर खुशीत होते.

मग एका दुपारी त्यांनी केतकीला आपल्या खोलीत बोलावलं. रणपिसे आधीच बसले होते. पडद्यावर तिनेच घडवलेलं खोरं होतं.

"बसा. तुमचे वडील काल एक डाव हरले," कर्नल म्हणाले. "हरण्याचं काही नाही. पण कसे हरले ते बघा."

शत्रूने आपल्या तोफा नदीकाठच्या वस्तीच्या बरोबर मागे लपवल्या होत्या. तात्यांच्या तोफा पश्चिमेला होत्या, तिथून शत्रू सरळ पल्ल्यात होता. पण त्यांनी मारा केला नाही. तोफा गाड्यांना जुंपल्या, कोरड्या नाल्यातून सहा किलोमीटरचा वळसा घातला आणि दक्षिणेला नव्या जागी नेऊन उभ्या केल्या. त्यात चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्यांच्या पायदळाच्या दोन कंपन्या साफ झाल्या.

"एकाच तोफेचे, एकाच मापाचे दहा गोळे एकाच जागी पडत नाहीत," कर्नल म्हणाले. "वारा असतो, दारूत उन्नीस-बीस असतं. ते पसरतात. आणि हा पसारा गोल नसतो, अंड्यासारखा लांबट असतो. मारा ज्या दिशेने येतो त्या दिशेने लांब, आडवा कमी. पश्चिमेकडून मारलं असतं तर अंड्याचं एक टोक वस्तीवर गेलं असतं. दक्षिणेकडून मारलं की ते अंडं नदीच्या बाजूने उभं राहतं, वस्तीला लागत नाही. डोकं अफाट आहे सुभेदारांचं. पण चाळीस मिनिटं!"

"वस्तीत माणसं आहेत," केतकी म्हणाली.

"खेळातल्या वस्तीत कोणी नाही. कंपन्यांतही कोणी नव्हतं. उद्या दोन्हीकडे असतील." त्यांचा आवाज चढला नव्हता. "शत्रूला ही खोड एकदा कळली की तो कायम घरांमागे बसेल. मग माझी मुलं मरतील. मला सुभेदारांची जमिनीची जाण हवी आहे, ही एक गाठ सोडून. तेवढा भाग वेगळा काढता येतो."

रणपिसे चुळबुळले. "कायद्याने मनाची प्रत छाटायला त्या माणसाची संमती लागते. त्यांना ती देता येत नाही. म्हणून तुमची."

"आणि नाही दिली तर?"

"तर ही प्रत माझ्या उपयोगाची नाही," कर्नल म्हणाले. "शुक्रवारनंतर खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. मला वाईट वाटतंय, केतकीताई. पण इस्पितळ नाही हे."

घरी जाताना तिला कर्नलांचा रागही धड येईना. दोन कंपन्या म्हणजे दोनशेवर माणसं. त्यांच्याही घरी कोणीतरी दाराकडे बघत असणार. आणि सही केली तर तात्या तिला भेटत राहणार होते. एवढं सोपं होतं ते. शेजारच्या सीटवर तात्या खिडकीबाहेरच्या टेकड्या बघत होते. एखादी टेकडी ओलांडली की मान वळवून तिची मागची बाजू बघत होते.

*

शुक्रवारी दुपारी ती शेवटची उतरली.

त्या दिवशी खोऱ्यात तोफा नव्हत्या. तात्या माथ्यावर बसले होते. तिने त्यांच्यापाशी जाऊन पंधरा वर्षं न विचारलेलं ते विचारलं. "आई वाट बघत होती. रजा मिळाली होती. का नाही आलात?"

तात्या उठले आणि खोरं बदलू लागलं. तिने घडवलेल्या हिरव्या उतारावरून कोणी चादर ओढून घ्यावी तसं गवत निघून गेलं. खाली राखाडी दगड उघडा पडला. हवा विरळ झाली. डोंगर उंच झाले, त्यांच्या माथ्यावर बर्फ. खाली एक गाडी इंजिन सुरू ठेवून उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर तात्यांची काळी पेटी होती. गाडी त्यांच्यासाठी होती, हे केतकीला कळलं.

पण तात्या गाडीकडे जात नव्हते. हातात नकाशा घेऊन ते एका कड्यावर उभे होते. नकाशावर मेंढपाळांच्या झोपड्या एका जागी काढलेल्या होत्या, आणि खाली खऱ्या झोपड्या, दगडाच्या, धूर सोडणाऱ्या, आठशे मीटर अलीकडे होत्या. तोफांचा पहिला सराव-मारा दुसऱ्या दिवशी सकाळी होता. लांबट अंडं त्या झोपड्यांवर आडवं पडलेलं तिला दिसलं, ढगाची सावली पडावी तसं. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला हे खोरं ठाऊक नव्हतं. तात्यांनी गाडी परत पाठवली. तो दिवस आणि ती रात्र तोफा दुसऱ्या घळीत हलवण्यात गेली. जमिनीवरचं अंडं हळूहळू वळलं, झोपड्यांपासून दूर झालं, आणि एक लाल फेट्यातली बाई काहीच न कळता मेंढ्या मोजत राहिली. मग बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला.

दूरवर, दोन शिखरांच्या मधल्या फटीत, आईचं हिरवं लुगडं वाळत होतं. ते तिथे असणं शक्य नव्हतं. तात्या त्याच्याकडे बघत होते.

"सांगितलं का नाहीत?"

त्यांनी मान खाली घातली. जे तिच्यापर्यंत पोचलं त्याला शब्द नव्हते. तिला ते असं लागलं, की तिच्या आईच्या बदल्यात कोणाच्या तरी झोपड्या, हे लेकीसमोर कारण म्हणून मांडायला त्यांची जीभ उचलली नव्हती.

कानात टिकटिक सुरू झाली आणि डोंगर विरघळले.

"एक सांगतो," पट्टी सोडवताना रणपिसे हळूच म्हणाले. "उंबरठ्यावर आठवण आणि इच्छा एकमेकांत मिसळतात. तुम्ही जे पाहिलंत ते त्यांचं होतं की तुम्हाला हवं असलेलं, हे यंत्राला सांगता येत नाही."

केतकी कर्नलांच्या खोलीत गेली. "मी सही करणार नाही," ती म्हणाली. "घ्यायचे तर सगळे तात्या घ्या, ती गाठसुद्धा. तुमच्या मुलांचं काय, हे मला सांगता येत नाही. पण ती गाठ काढल्यावर जे उरेल ते माझे वडील नाहीत."

कर्नलांनी सहीविना राहिलेला संमतीचा कागद परत फायलीत ठेवला. तात्यांना गाडीपर्यंत सोडायला ते स्वतः आले आणि गाडीत बसायच्या आधी त्यांना त्यांनी कडक सलाम केला. तात्यांचा डावा हात अर्धा वर गेला.

*

पुढचे आठ दिवस घरात फार शांतता होती. तात्या दुपारी डोळे मिटून पडायचे, थोड्या वेळाने उघडायचे, इकडेतिकडे बघायचे. जिथे जायचं होतं तो रस्ता आता बंद होता. केतकीला रणपिसेंचं वाक्य आठवत राहायचं. आपण स्वतःच स्वतःची समजूत घातली असेल का?

रविवारी ती स्वयंपाकघरात मसूर निवडत होती. मागच्या खोलीत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. तात्यांनी पलंगावरची गोधडी डाव्या हाताने खाली ओढली होती आणि भिंतीला टेकून, जमिनीवर बसून, ते तिच्या घड्या उचलत होते. एक घडी उंच, तिच्या मागे दुसरी, मधे खोलगट. केतकी हातात ताट घेऊन दारातच उभी राहिली.

तात्यांनी हात पुढे केला. तिने ताट खाली ठेवलं. त्यांनी मूठभर मसूर घेतली आणि खोलगटात लांबट पसरली, अंड्यासारखी. मग खिशातली दोन बटणं काढून बरोबर तिच्यावर ठेवली. दोन झोपड्या. जागेपणी केतकीने तात्यांना काही विचारलं नव्हतं, त्या दिवशीचं एक अक्षर घरात काढलं नव्हतं. तात्यांनी तळहाताने मसूर फिरवली. अतिशय सावकाश, दाणा दाणा सरकवत, अंडं वळवलं, आणि बटणं मोकळी झाली.

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"पाहिलं मी, तात्या," ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसत म्हणाली. "खरं होतं ते. कळलं मला."

त्यांचे डोळे भरून आले होते, पण काम संपलं नव्हतं. त्यांनी गोधडी एका झटक्यात सपाट केली. डोंगर गेले. शेजारचा तांब्या उचलून त्यांनी फरशीवर पाण्याची धार सोडली, वळण घेत जाणारी. मग दुसऱ्या बाजूने दुसरी, बारीक. दोन्ही धारा एकमेकींना जाऊन मिळाल्या. जिथे मिळाल्या तिथे त्यांनी बोट टेकवलं, आणि तसंच टेकवून ठेवलं.

केतकीला कळायला क्षण लागला. एक कृष्णा, एक वेण्णा. माहुली. तिथे ती आणि मामा गेले होते. तात्या गेले नव्हते. पंधरा वर्षांत कोणी त्यांना नेलं नव्हतं, आणि त्यांनी कोणाकडे मागितलं नव्हतं.

"मी तुम्हाला त्या दिवशी 'कशाला आलात' असं विचारलं," ती म्हणाली. तात्यांनी ओलं बोट तिच्या मनगटावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना घेऊन गेली. घाटावर फारसं कोणी नव्हतं. पाणी संथ होतं, दोन नद्यांचे दोन रंग थोडं अंतर शेजारी शेजारी वाहत होते. तात्या तिच्या खांद्यावर भार टाकून पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर थांबले आणि अनवाणी पाय पाण्यात सोडून बसले. ती काठावरून बोट दाखवून सांगत राहिली, इथे उभे होतो आम्ही, मामाच्या हातात कलश होता, वारा खूप होता, आई अशी त्या बाजूला गेली. तात्या ती दाखवेल तिकडे बघत होते, एकेक जागा मनात नीट बसवून घेत.